कंडक्टरच्या छातीतली गाठ

"बनियन वर करा" म्हटल्यावर मारुतराव खुर्चीतून उठलेच.

"मॅडम, बीपी दंडावर मोजत्यात ना?"

मी परंड्याला सरकारी दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे. मारुतराव बसचे कंडक्टर, वय पन्नाशीच्या पुढं. दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. त्या दिवशी त्यांच्या शर्टाच्या आत, डाव्या बाजूला, घडी घातलेला रुमाल दिसला, म्हणून मी तपासू द्या म्हटलं.

बरेच आढेवेढे घेऊन त्यांनी बनियन वर केलं. स्तनाग्राच्या मागं सुपारीएवढी कडक गाठ होती. स्तनाग्र आत ओढलेलं, त्यातून रक्ताळलेलं पाणी येत होतं. रुमाल त्यासाठी. गाठ कित्येक महिन्यांची. तिकिटाच्या बॅगेचा पट्टा घासून झाली असेल, असं समजून त्यांनी पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतला होता आणि बाम चोळत होते.

"दुखत न्हाय, म्हून ध्यान दिलं न्हाय," ते म्हणाले.

बहुतेक जण इथंच फसतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते, बऱ्याच साध्याच असतात. पण कडक, वाढत जाणारी, कातडी आत ओढणारी किंवा दोन-तीन आठवड्यांत न विरणारी गाठ डॉक्टरला दाखवावी. छातीतली तर लगेच.

पुरुषालाही स्तनाचा कॅन्सर होतो, क्वचित, पण होतो, असं मी सांगितलं. ते दाराकडं बघत राहिले. हे बायकांचं दुखणं, डेपोत कळलं तर तोंड कसं दाखवू, एवढंच म्हणाले. मग खर्चाची भीती निघाली. चुलतभावाला आजारपणात पुण्याला नेलं, तेव्हा रान विकावं लागलं होतं. मी समजावलं, की धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी आणि बायोप्सी होते. बायोप्सी म्हणजे गाठीत सुई घालून बारीक तुकडा काढायचा आणि तो तपासायचा. ऑपरेशन लागलंच तर सरकारी योजना आहे. चिठ्ठी दिली, तिथल्या सर्जनना फोन केला. लग्नसराई सरली की जातो, म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पत्नी सुमनताई आल्या. धुण्यात शर्टावर रक्ताचे डाग दिसले होते आणि नवरा काही बोलत नव्हता. पेशंटच्या परवानगीशिवाय मला घरच्यांनाही सांगता येत नाही. त्यांनाच विचारा, असं मी सुमनताईंना म्हटलं.

त्यानंतर लवकरच मी मीटिंगसाठी धाराशिवला निघाले. बस नेमकी मारुतरावांची. बार्शी सुटल्यावर, तिकिटं संपवून ते शेजारच्या सीटवर येऊन बसले.

"घरी सांगितलं. ती जेवलीच न्हाय." तिकिटाची बॅग त्यांनी मांडीवर ओढली. "मॅडम, म्हैनाभर थांबलो तर?"

"तुम्ही थांबाल. गाठ थांबणार नाही."

धाराशिवच्या स्टँडवर त्यांनी कंट्रोलरला सांगितलं, परतीच्या फेरीला दुसरा माणूस बघा. आणि खाकी कपड्यांतच माझ्याबरोबर दवाखान्यात आले. मी मीटिंगला उशिरा पोचले. साहेब म्हणाले, "फोन तरी करायचा, डॉक्टर." बरोबर होतं त्यांचं.

मारुतरावांनी नंतर मला सांगितलं, की सोनोग्राफीच्या बाकावर सगळ्या बायकाच होत्या. ते भिंतीला टेकून उभे होते. एका म्हातारीनं सरकून जागा केली. "बसा की भाऊ, लई वेळ लागतोय," म्हणाली. कशासाठी आलात, कुणीच विचारलं नाही.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. ऑपरेशन योजनेतून झालं. डावा स्तन आणि काखेतल्या लसीकाग्रंथी काढल्या. त्यांतल्या एकाच ग्रंथीत आजार पोचला होता. पुढं केमो झाली. केस गेले, परत आले. आता काही वर्षं रोज एक गोळी आणि ठरल्या वेळी तपासणी. सध्या ते स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतात. डेपोत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. दोन दिवस कुजबुज झाली, तिसऱ्या दिवशी लोक विसरले.

गेल्या महिन्यात त्यांनी एका ड्रायव्हरला माझ्याकडं पिटाळलं. पाठीवर गाठ होती. तपासली. मऊ, हलणारी, चरबीची. काही करायची गरज नव्हती. ड्रायव्हर वैतागला.

"एवढ्यासाठी माझी रजा गेली, मॅडम."

मी म्हटलं, रजा अशीच वाया जावी.