खालच्या वस्तीची नोंद

ज्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असतं, त्या घरात माणसं राहतात की नाही? उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यात, सिंदफणेच्या काठी. गाव उंचवट्यावर आहे. नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या पलीकडे, सखल जागेत, खालची वस्ती. तिथं एकोणीस घरं, सगळी ऊसतोड करणाऱ्यांची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळा लागला की परत येतात. वस्तीतून गावात यायला एकच वाट आहे, ओढ्यावरच्या फरशी पुलाची. हा पूल एवढा बुटका की चांगला पाऊस झाला की पाणी त्याच्यावरूनच जातं.

वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं काम करायचे. काम म्हणजे मुख्यतः पत्रकं काढायची, वाटायची आणि पुन्हा काढायची. पिवळ्या आणि गुलाबी पातळ कागदांचे गठ्ठे आमच्या घरात ज्वारीच्या पोत्यांशेजारी असत. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. प्रत्येक पत्रकात एक मागणी ठरलेली असायची: ऊसतोड कामगारांची नोंद झालीच पाहिजे. पुढं कॉलेजात गेल्यावर मीही पत्रकं लिहू लागलो, वडिलांपेक्षा कडक भाषेत. गावातल्या पोरांनी माझं नावच ‘पत्रक’ ठेवलं.

मग एक दिवस बीडला पूरनियोजनाचं प्रशिक्षण होतं आणि मी गावाच्या वतीनं स्वयंसेवक म्हणून गेलो. शिकवायला आलेला माणूस किनाऱ्यावर काम केलेला होता. पडद्यावर त्यानं आधी समुद्रकाठचं एक गाव दाखवलं. चक्रीवादळाचा वारा समुद्राला जमिनीकडे ढकलतो, त्यात भरतीची वेळ गाठली गेली की पाणी बंदर ओलांडून गल्ल्यांत शिरतं. कोणत्या गल्लीत किती वाजता किती पाणी चढेल, हे त्याचं यंत्र काही तास आधी निळ्या रंगात दाखवायचं. जेवढा रंग गडद तेवढं पाणी खोल. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं हात वर केला. “सायेब, समिंदर बीडला कवा येणार हाय, तेवढी तारीख सांगा. जाळं घिऊन ठिवतो.”

सगळे हसले, शिकवणाराही हसला. मग त्यानं पडद्यावर आमची नदी आणली. किनाऱ्यासाठी केलेलं गणित इथं नदीला लावलं होतं. वर किती पाऊस झाला, तलावाच्या सांडव्यावरून किती पाणी सुटलं, जमीन कुठं किती उंच आहे, हे घालून तोच निळा रंग. तो म्हणाला की पाण्याचं काय ते यंत्र बघून घेईल, माणसं मात्र तुम्हाला भरावी लागतील. कुठल्या घरात कोण आहे हे वरून दिसत नाही.

माणसं भरायचं काम जानेवारीत झालं. टॅबवर प्रत्येक घराचा एक ठिपका आणि त्याला तीन पर्याय: राहतं, रिकामं, पडकं. तीन वेळा जाऊन कुणी भेटलं नाही तर ‘रिकामं’ भरायचं, असा नियम. आजूबाजूच्या काही गावांत लोकांनी घरी बसून नोंदी उरकल्या, हे मला माहीत होतं आणि त्याचा मला राग होता. मी प्रत्येक दारात गेलो. खालच्या वस्तीत तीनदा गेलो. अंगणात पालथ्या घातलेल्या चुली, बैलांचे मोकळे खुंटे, कडीला कुलूप आणि वर तारेचा वेढा. एकेक घर कुणाचं आहे आणि ती माणसं कुठल्या बाजूला उसाच्या फडावर आहेत हेही मला ठाऊक होतं. पण टॅब विचारत होता की घरात कुणी भेटलं का, आणि मी खरं उत्तर दिलं. एकोणीस वेळा बोट टेकवलं, एकोणीस ठिपके राखाडी झाले. खाली शेरा लिहायला जागा होती. ती मी मोकळी सोडली. त्याच महिन्यात मी नोंदीच्या मागणीचं एक पत्रक लिहिलं होतं.

नंतर सप्टेंबर आला. घटस्थापनेला आठवडा होता. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. मी तेव्हा शिकायला बीडला राहत होतो, गावातून फोन आला म्हणून त्या सकाळीच गावात पोचलो आणि थेट ग्रामपंचायतीत जाऊन टॅब उघडला. ग्रामसेवक नवीन बदलून आलेले, तालुक्याहून ये-जा करणारे. त्यांना गावाची घरं अजून पाठ नव्हती. सरपंचबाई शाळेत होत्या, वर्ग मोकळे करून चुली मांडत होत्या. दुपारी दोनला वरच्या तलावाच्या सांडव्यावरून जास्त पाणी सुटल्याचा निरोप आला. नकाशा हलला. नदीचा निळा रंग ओढ्यात उलटा शिरून वर चढला आणि खालची वस्ती गडद झाली. साडेचारला फरशी पूल बंद, असं बाजूला दिसत होतं. त्याच्याखाली बाधित माणसांचा आकडा. माळी गल्लीत बेचाळीस. खालच्या वस्तीत शून्य.

ग्रामसेवकांनी सुस्कारा सोडला. खाली कुणी नाही हे बरं झालं, म्हणाले. मीही मान हलवली. गावातले दोन्ही टेम्पो मीच फोन करून माळी गल्लीकडे पाठवले, गावाच्या दुसऱ्या टोकाला. खिडकी बंद होती, बाहेर धो-धो चालू होतं, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो. तो शून्य इतका सोयीचा होता की त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

अडीचच्या सुमाराला अंगणवाडीच्या ताई आल्या. छातीशी रजिस्टर, त्याला प्लास्टिकची पिशवी. खालच्या वस्तीला कुठली गाडी गेली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वस्ती रिकामी आहे.

“कावून रिकामी? काल म्या तिथं सतरा लेकरांची वजनं केली.”

मला आधी वाटलं, त्यांचाच काहीतरी घोळ होतोय. माझ्यासारख्यानं असं वाटून घ्यावं, याची लाज मला अजून वाटते. मग बोटांवर महिने मोजले. टोळ्या निघायला महिना-दीड महिना होता. सगळे घरी होते. घरं रिकामी नोंदल्यामुळे त्यांचे फोन नंबर यादीत नव्हते, म्हणून गावभर गेलेला इशाऱ्याचा मेसेज तिथं एकालाही गेला नव्हता. वस्तीत शंभरावर माणसं होती, आणि पूल बंद व्हायला दोन तास.

टेम्पोवाल्यांना फोन लावले. एकाचा लागेना. दुसरा म्हणाला, गाडी माणसांनी भरली आहे आणि चाक चिखलात बसलं आहे. शेवटी ग्रामपंचायतीसमोरचाच ट्रॅक्टर आठवला, ऊस वाहायची ट्रॉली जोडलेला. हंगामासाठी नुकतीच तिची डागडुजी झाली होती. मालक तयार होईना. पुलावर ट्रॅक्टर कलंडला तर कोण भरून देणार, हा त्याचा सवाल होता आणि तो चुकीचा नव्हता. एवढ्यात सरपंचबाई आल्या. सगळं ऐकून घेतलं, पदर खोचला आणि ट्रॉलीवर चढून बसल्या. “मी बसले हाय. आता चल.” बाईमाणूस ट्रॉलीत पावसात बसलेलं असताना त्याला खाली उभं राहणं जमेना. शिव्या घालत त्यानं किल्ली फिरवली.

पुलावर तेव्हा घोटाभर पाणी होतं. वस्तीत पोचलो तर लोक दारात उभे राहून ओढा बघत होते. त्यांची खूण ठरलेली होती. काठावरचा एक काळा दगड बुडाला की उठायचं. दगड अजून हातभर वर होता. पण ती खूण पावसाच्या पाण्याची होती, सांडव्याच्या पाण्याची नव्हती. एक तरणा गडी मला बघून ओरडला, “काय बे पत्रक, आज पावसात भाषण?” त्याच्या मागं पाचसहा जण हसले.

मी ओरडून सगळं सांगितलं. कुणी हललं नाही. तेव्हा एक बाई पुढं आली. माझ्या आईएवढी, पंचवीस-तीस हंगाम कोयता चालवलेली. वस्तीत तिचा शब्द चालतो. तिनं टॅब बघायला मागितला. पावसात पदराखाली धरून आम्ही दोघांनी बघितला. निळा रंग काय, ते मी सांगितलं. तिनं राखाडी ठिपक्यांवर बोट ठेवलं.

“हे काय हाय?”

“तुमची घरं, मावशी.”

“मग राखाडी कावून?”

मी सांगितलं. जानेवारीत आलो, तीनदा आलो, कुलपं होती, म्हणून रिकामं लिहिलं. मला वाटलं शिवी देईल. तिनं आवाजही चढवला नाही.

“आमी घरात असताना यायचं हुतंस की, लेका.”

एवढं बोलून ती वळली आणि आपले बैल सोडायला गेली. ती हलली तशी वस्ती हलली.

पहिली खेप लेकरांची आणि त्यांच्या आयांची. दुसऱ्या खेपेला पाणी गुडघ्याला लागलं. गड्यांनी बैलांच्या शेपट्या धरून, एकमेकांना हाळी देत पूल ओलांडला. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून घड्याळ आणि टॅब आलटून पालटून बघत होतो. यंत्र पाण्याबाबत जराही चुकत नव्हतं. सव्वातीनला जिथं रंग दाखवला तिथं सव्वातीनला पाणी होतं. चारला तिसरी खेप निघाली. तिच्यात म्हातारी माणसं होती. कमरेचं हाड मोडलेले एक आजोबा बाजेसकट उचलून ट्रॉलीत ठेवले होते. पुलाच्या मध्यावर ट्रॅक्टर थांबला. इंजिन चालू होतं, चाकं जागच्या जागी फिरत होती. मघाशी हसलेला तो गडी आणि आणखी चौघं पाण्यात उतरले, ट्रॉलीच्या मागच्या फळीला खांदा लावला. मीही लावला. पाण्याचा जोर मांड्यांना ढकलत होता आणि पायाखालची फरशी दिसत नव्हती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ट्रॉली हलली. आम्ही तिला धरूनच पलीकडे गेलो.

साडेचारला पूल दिसेनासा झाला. माणसं सगळी बाहेर होती. शेळ्या गेल्या, धान्य गेलं, चार घरांच्या भिंती बसल्या.

पंधरा दिवसांनी अहवाल तयार झाला. वेळेवर इशारा, जीवितहानी नाही. ग्रामसेवक चांगला माणूस आहे. त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं की राखाडी ठिपक्यांचा विषय काढू नकोस, चांगल्या कामाला बट्टा लागेल, पुढच्या वर्षी यंत्रच मिळणार नाही. मला ते पटलं नाही. त्या दिवशी इशारा वेळेवर आला होता, पण वस्तीला आला नव्हता. एका बाईनं रजिस्टर छातीशी धरून येऊन विचारलं म्हणून माणसं वाचली. ग्रामसभेत मी उभा राहिलो आणि चूक कुणाची, ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, संघटनेवाल्याच्या पोरालाच आपली माणसं दिसली न्हाईत.

ती मावशीही सभेत होती. ती एवढंच म्हणाली की टोळी महिन्याभरात निघणार, त्याच्या आत येऊन लिहून घे. मी तीन दिवस वस्तीत बसलो. कोण कुठल्या महिन्यात घरी असतं, मागं कोणती म्हातारी आणि कोणती लेकरं गावात नातलगांकडे राहतात, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा फोन कोणता, सगळं लिहिलं. टॅबमध्ये अजून तीनच पर्याय आहेत. बाकीचं मी शेऱ्याच्या जागेत भरलं.

आता तुमच्याकडे एक मागणी आहे. तुमच्या गावाचा पुराचा नकाशा किंवा आपत्तीची यादी ग्रामपंचायतीत असेलच. याच आठवड्यात जा आणि ती मागून घ्या. सर्वांत सखल जागेवरची घरं शोधा, ती कशी नोंदली आहेत ते बघा, आणि तिथं जाऊन शेजाऱ्यांना विचारा की इथं कोण, कधी राहतं. नोंद चुकली असेल तर टोळ्या निघायच्या आत फेरनोंद करा, असा लेखी अर्ज द्या. नंतर बघू, असं कुणी म्हणालं तर अर्जाची पोच हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.