रोतियाच्या आईचा टिबूटा

तेरेतिया आणि मी आमच्या बेटावरच्या एकाच शाळेत शिकवतो. तिसरी तिची, चौथी माझी, मध्ये कमरेएवढी भिंत. तिच्या वर्गातलं सगळं मला ऐकू येतं, आणि कान बंद करण्याइतकी सभ्य मी नाही.

तिचा आठवडा ठरलेला. सोमवारी रविवारच्या गप्पा, मंगळवारी पाढे, बुधवारी गावातल्या म्हाताऱ्या चटया विणायला शिकवतात, गुरुवारी भोपळ्याच्या वेलांची देखभाल. शुक्रवारी घरची एखादी वस्तू आणून तिच्याबद्दल बोलायचं, आणि ऐकणाऱ्यांनी एक चांगलं वाक्य सांगायचं. हे खूळ तिने राजधानीत, तारावाला झालेल्या प्रशिक्षणातून आणलं.

"अगं, आपल्याकडे कुणी 'मला दे' म्हटलं की द्यावंच लागतं," मी तिला म्हटलं होतं. "मुलांना दुसऱ्याच्या वस्तूंचं कौतुक करायला कशाला शिकवतेस?"

"कौतुक म्हणजे मागणं नव्हे," ती म्हणाली. मोठी शहाणी!

एका शुक्रवारी तिच्या वर्गातल्या रोतियाने टिबूटा आणला. टिबूटा आम्ही सगळ्याच घालतो, गळ्याला बारीक चुण्यांचा सैल ब्लाउज. पण हा निळा होता आणि त्याच्या चुण्या मुंगीच्या पावलांनी घातल्यासारख्या होत्या. रोतियाच्या आईने स्वतःसाठी शिवला होता. ती गेल्या वर्षी वारली. मुलं गप्पच बसली, तेव्हा त्यांना बोलतं करायला तेरेतिया पटकन म्हणाली, "किती सुरेख! असा एक माझ्याकडे असता तर!"

मी भिंतीपलीकडे कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोतियाची आजी टिबूटा घेऊन तेरेतियाच्या दारात हजर. "बाई, तुम्ही मागितलात. नातीने मला सांगितलं."

"आजी, मी मागितला नाही हो! सहज बोलले."

"आमच्या घरचं तुम्हाला चालत नाही का?" म्हातारीने विचारलं. तेरेतियाने टिबूटा घेतला. परत देणं म्हणजे दिलेलं तोंडावर फेकणं. पेटीत ठेवला तर आवडला नाही असा अर्थ. मग ती तो घालू लागली, आणि त्याच आठवड्यात पुढच्या चटईवर बसणारी रोतिया उठून सगळ्यात मागे जाऊन बसली.

"पोरीला माझं तोंड बघवत नाही," तेरेतिया मला म्हणाली. "मेलेल्या बाईचा कपडा उतरवून घेतला मी. घास उतरत नाही गं." खरंच वाळली होती. 'मी सांगितलं होतं' असं म्हणायची मला फार हौस, पण तेव्हा माझ्याच्याने म्हणवलं नाही.

शेवटी मीच तोड काढली. शुक्रवारी तिने स्वतःची वस्तू म्हणून टिबूटाच दाखवायचा. रोतिया चांगलं बोलली की लगेच, "तुला हवाय ना? घे!" कुणाचा मान जायला नको.

शुक्रवार आला. तेरेतिया टिबूटा घालून वर्गासमोर उभी राहिली. "आज माझी पाळी. रोतिया, तू बोल."

रोतिया उभी राहिली. "बाई, तुमचं अक्षर छान आहे."

"आणि टिबूटा?"

पोर परत खाली बसायला लागली.

"आवडतो ना तुला? हवाय ना परत?" तेरेतियाने घाईने विचारलं.

"नको. मला मोठा होतो," रोतिया म्हणाली. "तुम्हीच घाला. तुम्ही फळ्यावर लिहायला वळता ना, तेव्हा मागच्या चटईवरून आईच दिसते. पुढे बसलं की कळतं, तुम्ही आहात."

कुणीतरी खुदकन हसलं. मी शिकवायचं सोडून भिंतीशी उभी होते, आणि माझ्या वर्गातली पोरं माझ्याकडे बघत होती.

तेरेतियाने खडू उचलला आणि वळून फळ्यावर लिहू लागली. काहीही लिहीत होती, वारांची नावं, पाढे, मग पुन्हा वारांची नावं. फळा भरला तरी तिला मुलांकडे तोंड करवेना. "तिच्याकडे वळले की तिची आई जाते गं," ती मला नंतर म्हणाली. "आणि मी काय, दिवसभर वळतच असते."