सहा इंच लिफ्ट आणि मागची पायरी

"सहा इंच," सोळंके साहेब म्हणाले. "त्याच्या खाली बोलायचंच नाही."

साहेब एका बियाणे कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर होते. त्यांची जीप नवीन जालन्यातल्या आमच्या गॅरेजच्या दारात उभी होती, मडगार्डपर्यंत काळ्या चिखलानं माखलेली. पण साहेबांचं बोट तिच्याकडे नव्हतंच. ते शेजारच्या जीपकडे होतं. ती अंकुशनगरकडच्या एका ऊस बागायतदाराची. तिला आम्हीच दिल्लीहून मागवलेलं लिफ्ट किट बसवून दिलं होतं आणि आता ती सर्व्हिसिंगला आली होती. सगळ्या गाड्यांमध्ये उंटासारखी उभी.

लिफ्ट किट म्हणजे गाडीचं अंग वर उचलणारं सामान. जीपच्या खाली लोखंडी पाट्यांच्या जुड्या असतात, त्यावर गाडी झुलते. किटमध्ये जास्त बाक दिलेले पाटे येतात, धक्के झेलणारे लांब शॉकअप येतात, पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसीला, अडकवणारे लांब शॅकल येतात. ते बसवलं की गाडी उंच होते. नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. आमच्याकडे हे प्रकरण नवीन होतं आणि जो तो उंच व्हायला निघाला होता.

"होऊन जाईल साहेब," आमचे मालक हमीदभाई म्हणाले. "आठवडाभरात उंट करून देतो."

"कशासाठी?" मी विचारलं.

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. त्यांना माझी सवय झाली होती, पण गिऱ्हाइकांना नव्हती. मी डिप्लोमा करून नुकताच कामाला लागलो होतो. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. जयंतीची, मोर्चाची, संपाची. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे माझं बोलणं 'कोणासाठी?' आणि 'कशासाठी?' असंच सुरू होतं, आणि हमीदभाईंनी माझं नावच पत्रक ठेवलं होतं.

"ए पत्रक," ते म्हणाले, "हे गॅरेज हाय, मोर्चा न्हाई. गिऱ्हाईक सहा म्हणून राह्यलं तर सहा."

साहेब मात्र सांगायला लागले. कंपनीचा कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट बदनापूरच्या पुढं, डांबरी सोडून बराच आत होता. तिथं क्रॉसिंगचं काम चाललं होतं. म्हणजे संध्याकाळी कपाशीच्या कळीतला नराचा भाग नखानं काढून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचे परागकण त्या कळीला लावायचे. ऊन चढायच्या आत हे झालं नाही तर ते फूल वाया. हे काम बायका करतात. कंपनीची जीप त्यांना त्यांच्या गावातून उचलून प्लॉटवर नेत होती. पण पाऊस झाला की जीप चाकोरीत अडकायची आणि बायका चिखल तुडवत उशिरा पोचायच्या.

"वरून ऑर्डर आलीय," साहेब म्हणाले. "आता अडकली तर जीप बायकांसाठी बंद. त्यांनी चालत जायचं. आणि त्यांची मुकादम म्हणते, गाडी न्हाई तर आमी दुसऱ्या कंपनीच्या प्लॉटवर जातो. मधल्या मधे माझा प्लॉट जातो. म्हणून सहा इंच."

मी गाडीखाली शिरलो.

गाडी कुठं घासते ते गाडीच सांगते. सगळीकडे चिखल वाळून पापुद्रे धरलेले होते. चॅसीवर, टाकीवर, पाट्यांवर. एकच जागा ताटासारखी लख्ख होती. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद तो दोन्ही चाकांना वाटून देतो. त्याचं पोट घासून चमकत होतं. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल गेल्या होत्या, मधला उंचवटा या गोळ्याला लागत होता आणि गाडी त्यावर पोट टेकून बसत होती.

मी बाहेर आलो. "साहेब, सहाच काय, बारा इंच उचला. तरी गाडी तिथंच अडकेल."

"म्हणजे?"

गॅरेजच्या कोपऱ्यात हमीदभाईंची दुपारच्या झोपेची बाज होती. मी तिच्याकडे बोट केलं. "त्या बाजेवर अजून दोन गाद्या टाका. झोपणारा उंच झाला. पण बाजेखालून मांजर जाते, तिला जागा वाढली का?"

साहेबांनी बाजेकडे पाहिलं. हमीदभाईंनीही पाहिलं, जरा संशयानं.

"लिफ्ट किट म्हणजे गाद्या," मी म्हणालो. "तो गोळा बाजेच्या दांडीत आहे. मांजरीला जागा करायची तर बाजेचे पाय वाढवावे लागतात. म्हणजे टायर. मोठे टायर घातले तरच गोळा वर उचलला जाईल. मोठे टायर मडगार्डला लागू नयेत म्हणून दोन इंच लिफ्ट द्या. तेवढं बास."

"मोठे टायर घाला आणि सहा इंचही द्या," साहेब म्हणाले. "दोन्ही करा. मंग तर झालं?"

मी नाही म्हणालो. सहा इंच उचललं की इंजिनाकडून मागच्या गोळ्याकडे जाणारा फिरता दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, तिरपा होतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. ते एक वेळ बदलता येतील. पण गाडीचं वजन वर गेलं की ती बांधावरून तिरपी जाताना कलंडायला बघते. बागायतदार एकटा फिरतो. या जीपच्या मागं दहा-बारा बायका बसणार.

शेवटी साहेबांनी मनातलं खरं बोलून टाकलं. "अरे, पण कंपनीची गाडी गावात शिरली तर दिसली पाहिजे ना. त्या बागायतदाराची बघ कशी दिसते."

"दिसण्यासाठी पाहिजे असेल तर वर झेंडा लावा," मी म्हणालो. "स्वस्त पडतो."

हमीदभाईंनी मला दंडाला धरून आत नेलं. "आज रोजी देतोय कोण? मी. उद्या तू नोकरी शोधशील, आणि मी गिऱ्हाईक. बोल, करतो का न्हाई?"

"टायरचं करतो. सहा इंचांचं करणार नाही. ज्यांना बसायचंय त्यांना विचारलंय का कोणी?"

"त्यांना काय इचारायचं?"

"चढायचं त्यांना आहे."

हे वाक्य मी जरा मोठ्यानंच बोललो. बाहेर साहेबांना ऐकू गेलं. ते हसले. "ठीक आहे," म्हणाले. "उद्या बाजार आहे. जीप कधी मिळणार हे विचारायला मुकादमीण ऑफिसात येणारच आहे. आणतो इथं. तिच्याच तोंडानं ऐक."

दुसऱ्या दिवशी साहेब आले, मागून चार बायका. पुढं गयाबाई, मुकादम. चाळिशीच्या, बारीक, पदर कमरेला खोचलेला, हातात भाजीची पिशवी. बागायतदाराची जीप अजून नेली नव्हती. साहेब तिच्यापाशी थांबले.

"गयाबाई, अशी उंच गाडी करून राह्यलो तुमच्यासाठी. कशी हाय?"

गयाबाईंनी जीपभोवती एक चक्कर मारली. बैलबाजारात बैल बघतात तशी. मग मागं येऊन उभ्या राहिल्या.

"लई झ्याक हाय साहेब. शिडी कुठं ठिवली?"

बाकीच्या तिघी पदर तोंडाला लावून हसल्या.

"चढून तर बघा," साहेब म्हणाले.

गयाबाईंनी पिशवी खाली ठेवली. मागच्या फळीवर हात टेकला. पाय उचलला, तो पोचेना. दुसऱ्या हातानं साडी सावरली, मग धरायला हात उरेना. त्यांच्यातली सर्वात वयस्क बाई, चंद्रभागाबाई, म्हणाली, "थांब, मी लोटते." तिनं मागून लोटलं. गयाबाई अर्ध्या आत आणि अर्ध्या बाहेर अशा फळीवर लोंबकळल्या.

"अगं लोट ना!"

"लोटून राह्यले की! तूच वरून वढ!"

"मला कोण वढणार, माय? तुजा नवरा बसलाय का आत?"

रस्त्यावरचे लोक थांबले. ऑटोवाल्यानं ऑटो बंद केला. सोळंके साहेबांनी मान वळवली आणि ते समोरच्या टायरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. शेवटी गयाबाई खाली उतरल्या, साडी झटकली आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"साहेब, पोरीबाळी येतेत आमच्यासंगं. चिखलाच्या पायानं, डबा घेऊन, रोज दोनदा असं चढायचं का गावासमोर? त्यापरीस आमी चालत जातो. न्हाईतर तिकडच्या प्लॉटवर."

"तुम्हीच मला सांगा," साहेब बावरून म्हणाले, "तुम्ही कशा चढता?"

"कोणी इचारलंय का आजवर?" गयाबाई म्हणाल्या.

हे तर माझंच वाक्य. पण त्यांच्या तोंडी ते भाषण वाटत नव्हतं, मला याचा थोडा हेवा वाटला.

मी खडू आणला. म्हणालो, "मावशी, या भिंतीपाशी उभ्या राहा. साडी न उचलता पाय सहज किती वर जातो तेवढा टेकवा." त्यांनी टेकवला. मी भिंतीवर रेघ ओढली. मग बाकीच्या तिघींच्या. चंद्रभागाबाईंची रेघ सर्वात खाली आली. त्या म्हणाल्या, "माजी नको धरू बाबा, माजे गुडघे गेलेत."

"तुमचीच धरणार," मी म्हणालो.

हमीदभाई इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभे होते. ते पुढं आले, चंद्रभागाबाईंच्या रेघेकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, या रेघेच्या उंचीवर मागं एक पायरी मी माझ्याकडून लावून देतो. पण गाडी सहा इंच उचलली तर ती एक पुरणार न्हाई. पायरीला पायरी लावावी लागंल. पोरगं बराबर बोलून राह्यलं."

साहेबांनी बागायतदाराच्या जीपकडे शेवटचं एकदा पाहिलं. लग्न मोडल्यासारखं तोंड झालं होतं त्यांचं. "दोन इंच," ते म्हणाले.

मग काम सरळ होतं. दोन इंच उंची तीन तऱ्हांनी देता येते. पाटा आणि चाकाचा दांडा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा, ही सर्वात स्वस्त. पण पुढच्या चाकांना ठोकळा धोक्याचा, ब्रेक मारला की पिळतो. दुसरी, नुसते लांब शॅकल. गाडी वळणावर डोलते. तिसरी, जुन्या पाट्यांना पुन्हा बाक देऊन जुडीत एक पाटा वाढवायचा. मी तिसरी घेतली. माणसं भरलेल्या गाडीला तीच योग्य. टायर मोठे घातले. मागं, फळीच्या खाली, चंद्रभागाबाईंच्या रेघेला जुळणारी जाळीची पायरी वेल्ड केली. जाळीची यासाठी की चिखल खाली पडावा. दोन्ही बाजूंना धरायला पाइपाचे हात केले.

साहेबांनी गाडी बघून "दिसायला काहीच झालं नाही" एवढंच म्हटलं आणि घेऊन गेले.

बाक दिलेले पाटे बसवले की ते थोडे दबतात, आणि त्यांना दांड्याशी आवळणारे यू-बोल्ट काही दिवसांनी पुन्हा आवळावे लागतात. त्यासाठी मी प्लॉटवर गेलो. रात्री पाऊस झाला होता. साहेब पुढं ड्रायव्हरशेजारी, मी मागं बायकांमध्ये, पाना मांडीवर घेऊन. चाकोरीशी पोचलो तेव्हा सगळ्यांनी बाकाची कड धरली. गाडी आत उतरली. मी खालचा आवाज ऐकत होतो. एकदा गवत घासल्याची सरसर आली, बस. गोळा उंचवट्यावरून मोकळा गेला आणि गाडी पलीकडे निघाली.

"गेली माय!" चंद्रभागाबाई म्हणाल्या आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.

बायका ऊन चढायच्या आत कपाशीत होत्या.

मी यू-बोल्ट आवळले. संध्याकाळी परतताना मात्र ओढ्याच्या काठाला पुढचं एक चाक रुतलं. काळ्या मातीचं असंच आहे, तिला पाट्यांचं गणित कळत नाही. सगळे उतरलो. साहेबही उतरले. बायकांनी आणि मी लोटलं, साहेबांनी सूचना दिल्या. गाडी उसळून वर निघाली आणि थांबली ती बाभळीच्या कुंपणाला चिकटून. बायका मागून एकेक करून चढल्या. साहेब पुढं जाऊन परत आले. काटेरी फांद्या थेट त्यांच्या सीटवर आल्या होत्या. दोन्ही बुटांना शेर-शेर माती. ते गाडीच्या मागं येऊन उभे राहिले. त्या जीपच्या मागच्या बाजूला ते बहुधा पहिल्यांदाच आले असावेत.

गयाबाईंनी हात पुढं केला. "या साहेब, इकडून या. पायरी हाय."

साहेबांनी पाइप धरला, पायरीवर पाय ठेवला, घसरला, पुन्हा ठेवला आणि आले वर. दोन बायकांच्या मध्ये गुडघे हनुवटीला लावून बसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ही पायरी अजून चार बोटं खाली पाहिजे होती."

"आमाला बराबर हाय," चंद्रभागाबाई म्हणाल्या.

त्या हंगामात बायका शेवटपर्यंत जीपनंच गेल्या. नंतर बरेच जण गाडी उंच करायला आमच्याकडे आले. प्रत्येकाला मी दोनच गोष्टी विचारत असे: खाली काय घासतं आणि मागून कोण चढतं. पहिलीचं उत्तर गाडीखाली झोपलं की मिळतं. दुसरीसाठी हमीदभाईंनी गॅरेजच्या भिंतीवरची चंद्रभागाबाईंची ती रेघ कधीच पुसू दिली नाही. पुढं रंगारी आला, तेव्हा तिच्या चहूबाजूंनी रंग लावून घेतला.