प्राजूचा पहिला गुण आणि माझ्या दशम्या

सबनीस मॅडम नसत्या, तर माझी पुतणी तिचा पहिला व्यावसायिक टेनिस सामना हरली असती, आणि तोही माझ्यामुळे! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही मला शिव्या द्यायला मोकळे.

प्राजू गावाकडे, रिठदला राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची पोरगी. मॅडम तिच्या टेनिसच्या कोच; त्यांनी तिला पुण्यात आणून तयार केलं, आणि आठवीत शाळा सोडून इथं वॉचमन झालेल्या मला पालक केलं. (पालक करायला दुसरं कोणी सापडलं नाही.) ज्युनियरमध्ये तिनं इतके कप जिंकले की आमच्या खोलीत साखर, डाळ, तांदूळ, सगळं कपांतच असतं.

ज्युनियरला आमची एक रीत होती. सामना संपला की कोर्टाबाहेर चटई अंथरायची, डबे उघडायचे आणि खेळलेल्या दोन्ही पोरींना जेवू घालायचं. हरलेलीला दोन घास जास्त! रडकी पोर मला पाहवत नाही.

मग मोठ्यांची स्पर्धा आली. मी नोकरीवर सुट्टी टाकली आणि डबा घेऊन हजर झालो. हा एक सामना जिंकला की प्राजूला जागतिक क्रमवारीतला पहिला गुण मिळणार होता. समोर उंचच उंच परदेशी पोरगी, सोबत कोणी नाही. प्राजूनं पहिला सेट असा घेतला की ती बिचारी नुसती चेंडू जाताना बघत राहिली. दुसरा सेट सुरू होताच नेटची दोरी तुटली. खेळ थांबला. ती पोरगी माझ्यासमोरच्या कुंपणाशी बसून एक केळं पुरवून पुरवून खाऊ लागली.

माझं काळीज पाघळलं. मी कुंपणाखालून डबा सरकवला.

"ईट, बाई, ईट!" (माझं इंग्रजी इथंच संपतं.)

तिनं एक दशमी खाल्ली. दुसरी खाल्ली. शेंगदाण्याची चटणी बोटानं पुसून खाल्ली! खेळ सुरू झाला आणि तिच्या अंगात वीज शिरली. सेट तिचा!

प्राजू टॉवेल घ्यायला आली. "काका, तिले काय चारलं?"

"दशमी."

"कायले?"

"भुकेली दिसून राह्यली होती वं!"

"मंग आता तिच्याच घरी राहाले जा!"

मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, हे ज्युनियर नाही! तिचं पोट दुखलं तर तुम्ही विष घातलं म्हणतील."

प्राजू जिंकू दे आणि त्या पोरीचं पोट ठीक राहू दे, असे दोन नवस मी एका दमात बोललो. तेवढ्यात तिसऱ्या सेटच्या विश्रांतीत त्या परदेशी पोरीनं माझ्याकडे बघून तोंडाशी हात नेला. माझा हात डब्याकडे गेलाच! मॅडमनी डबा ओढला, बाकावर ठेवला आणि सरळ त्यावर बसल्या.

"आता लावा हात!"

प्राजूनं मात्र ना आदळआपट केली, ना पंचांकडे तक्रार. आमच्या घरात एवढं थंड डोकं कुणाचं नाही. येईल तो चेंडू परतवत तिनं त्या उंच पोरीला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवलं. शेवटचा फटका रेषेवर पडला. मी हमसून रडलो. प्राजूच येऊन म्हणाली, "उगे राहा ना काका, जितली मी!"

मॅडमचे हे उपकार मी एक दिवस नक्की फेडणार. काय करू, असं विचारलं तर हात जोडून म्हणाल्या, "पुढच्या सामन्याला सुट्टी घेऊ नका!"