गडग्यावरची पाटी

गिरणी थांबली तेव्हा मला वाटलं, वीज गेली. आमच्या चौलात वीज जाणं ही काही बातमी नव्हे. सवयीने मान वर करून पाहिलं, तर पंखा फिरत होता. पंखा फिरतोय आणि दिगूची गिरणी बंद, तीही भर सकाळी, दळणाच्या वेळेला… मी चपला न घालताच बाहेर पडलो. पाखाडीच्या, म्हणजे आमच्याकडच्या अरुंद वाटेच्या, वळणावर शेजारचा एकजण समोरून धावत येताना दिसला. माझ्याकडे बघून तो जागीच थांबला आणि त्याने मान खाली घातली. पुढचं काही विचारावं लागलं नाही.

दिगू नेहमीसारखा गावभर फेरी मारून आला होता आणि गव्हाच्या पोत्यावर टेकला होता. शालिनीवहिनी, त्याची बायको, दळण ओतत होत्या. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही, तरी गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून त्या आपलं काम करत राहिल्या. मी पोहोचलो तेव्हा त्यांनी बटण बंद केलं होतं आणि हाताला पीठ तसंच होतं. "भावोजी," त्या म्हणाल्या, "हे इतका वेळ एका जागी बसले, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." खरंच होतं ते. दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, आयुष्यात कधी एका जागी बसला नाही. शाळेत माझ्या शेजारी बसायचा तेव्हाही त्याचा एक पाय बाकाबाहेर असायचा. या गोष्टीला काही आठवडे झाले. लिहायला बसलो की मीच उठतो, अंगणात जातो, परत येतो. जाताना त्याची भिंगरी माझ्या पायाला बांधून गेला की काय, कोण जाणे.

मी ड्रॉइंगचा मास्तर. शाळेतून निवृत्त झालो, पण ब्रश काही सुटला नाही. गावातल्या पाट्या मीच रंगवतो, आणि त्याला कारण दिगू. त्याला एक वेड होतं. गावातलं कुणी चांगलं माणूस गेलं की त्याच्या नावाची पाटी एखाद्या रस्त्याला लागली पाहिजे. चांगलं म्हणजे मोठं नव्हे हं. मोठ्या माणसांची त्याला ॲलर्जी होती. एकदा ग्रामसभेत कुणीतरी वरच्या एका पुढाऱ्याचं नाव सुचवलं, तेव्हा हा मागून उठून म्हणाला, "ते कधी आपल्या पाखाडीतनं चालले हायत काय? एकदा चालू दे, चिखलात पाय बुडू दे, मग बघू." सभा हसली आणि तो विषय तिथेच संपला. त्याच्या यादीतली माणसं म्हणजे गावातल्या निम्म्या पोरांना जगात आणणारी सुईण, रात्री-अपरात्री सायकलवर येणारे डॉक्टर, आणि दारोदार मासळी घेऊन फिरणारी चंद्राबाई. चंद्राबाईच्या नावाला आमच्याच काही शिकलेल्या मंडळींनी नाकं मुरडली. दिगू गिरणीतल्या पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणाला, "तिच्या हातचं म्हावरं खाऊन वाढलात. आता काटा कुठं अडकला?" पाटी लागली. मीच रंगवली.

त्याची पद्धत ठरलेली होती. माणूस गेलं की दिवसकार्य होईपर्यंत हा गप्प. मग त्या घरी जायचा, ओटीवर उभ्या उभ्याच घरच्यांना विचारायचा. ते हो म्हणाले की त्या रस्त्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन विचारायचा. नाव जे लोकांच्या तोंडी तेच, मागे-पुढे पदव्या नाहीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाटी लोखंडी खांबावर लावायची नाही. रस्त्याच्या तोंडाशी जे पहिलं घर असेल त्याच्या गडग्यात ती बसवायची, आणि पाटीखालचा पहिला धोंडा त्या घरच्या माणसाने आपल्या हाताने ठेवायचा. गडगा म्हणजे आमच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांचं कुंपण, चुना-सिमेंट न वापरता नुसता धोंड्यावर धोंडा रचलेलं. "खांबावरची पाटी सरकारची," दिगू म्हणायचा, "गडग्यातली पाटी गावाची." पहिल्या घरच्याने नाही म्हटलं तर पाटी लागत नसे. हे सगळं होईपर्यंत गिरणीत दळण पडून असायचं, वहिनी एकट्या खपायच्या, आणि हा माझ्या दारात येऊन उभा, "मास्तर, रंग कालवलास काय?" ये, बस म्हटलं तर म्हणायचा, "बसायला वेळ कुठाय?"

एवढ्या पाट्या लागल्या, पण दिगूची गिरणी ज्या पाखाडीत आहे तिला मात्र नाव नव्हतं. लोक चेष्टा करायचे की गावाला नावं वाटणाऱ्याच्या दारात अंधार. दिगू हसून टाळायचा. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं.

ही पाखाडी पूर्वी इतकी अरुंद होती की रिक्षा आत येत नसे. दिगूच्या आईला छातीत कळ आली तेव्हा तिला खुर्चीत बसवून, दोन्ही बाजूंच्या गडग्यांना कोपरं घासत, मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. ती वाचली, पण दिगू काही स्वस्थ बसला नाही. घरोघर जाऊन, कधी गोड बोलून, कधी भांडून त्याने एकेकाला आपला गडगा आत घ्यायला लावला. ज्या गावात शेजाऱ्याचा धोंडा वीतभर सरकला तर कोर्टात जातात, त्या गावात लोकांनी आपण होऊन गडगे मागे घेतले. अडलं फक्त पाखाडीच्या तोंडाशी, मोरूकाकांपाशी. त्यांच्या वडिलांनी लावलेला कापा फणस अगदी गडग्याला लागून होता. त्या फणसाचे गरे ज्याने खाल्ले नाहीत असं घर गावात नसेल. दिगू रोज जायचा, काका रोज हाकलायचे. एके सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. मोरूकाकांनी स्वतः फणस पाडला होता. गडगा आत घेतला, रस्ता मोकळा करून दिला, आणि त्या दिवसापासून दिगूशी ब्र काढला नाही.

नुसतं बोलणं बंद नव्हे. गिरणी हाकेच्या अंतरावर असताना काका गव्हाचा डबा घेऊन रेवदंड्याला दळायला जायचे. त्या रुंद पाखाडीवर त्यांनी पाऊलही टाकलं नाही, मागच्या वाडीतून जायचे-यायचे. अख्ख्या पाखाडीला वाटलं, म्हातारा मनात ठेवणारा आहे. दिगूला मात्र तसं कधीच वाटलं नाही. एकदा मी चिडून म्हणालो, "अरे, दे ना त्या पाखाडीला एखादं नाव, तुझ्या आईचं दे." तो म्हणाला, "ती मोरूकाकाची हाय. फणस त्यांनी दिला." मी म्हणालो, "काका जिवंत आहेत!" तर म्हणतो कसा, "म्हणून तर थांबलोय." आणि स्वतःच इतका हसला की भुवयांतलं पीठ उडालं. नियम त्याचाच होता, जिवंत माणसाचं नाव लावायचं नाही. त्यामुळे ज्या माणसाचा सन्मान करायला हा तळमळत होता, तो माणूस जाण्याची वाट बघणं याच्या नशिबी आलं. मला हळूच विचारायचा, "मोरूकाका खोकतायत काय रे?" आणि लगेच जीभ चावायचा. मोरूकाका आमच्याहून कितीतरी मोठे, पण पोफळीसारखे सरळ. खोकत होते, पण जात नव्हते. दिगूला त्याचा आनंदही व्हायचा आणि घाईही सुटायची.

जाण्याच्या थोडे दिवस आधी तो संध्याकाळी माझ्या कुंपणाशी उभा राहिला. आत ये म्हटलं, नेहमीप्रमाणे आला नाही. म्हणाला, "मास्तर, मी आधी गेलो तर ती पाखाडी दुसऱ्या कुणाला देऊ देऊ नको." मी म्हटलं, "तू कुठे चाललास?" तो म्हणाला, "चाललोय पुढं, चंद्राबाईच्या आळीपर्यंत." आणि गेला. ती आमची शेवटची भेट. असल्या भेटीत माणसं काही तरी खोल बोलतात म्हणे…

मग ग्रामसभा झाली आणि एकमताने ठरलं, पाखाडीला दिगूभाऊंचं नाव. नको कसं म्हणणार कुणी? मी उठून सांगणार होतो. पण समोर शालिनीवहिनी बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. सभेनंतर मी त्यांना दिगूचं म्हणणं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गावभर दुसऱ्यांची नावं लावत फिरले. गिरणी मी चालवली. एकदा तरी घराबाहेर पडल्यावर मला त्यांचं नाव दिसू दे." त्यांचंही खरं होतं. इकडे मित्राचा शब्द, तिकडे वहिनींचे डोळे. मी पत्र्याला निळा रंग दिला, वाळला, पुन्हा दिला. सरपंचबाईंचा निरोप आला की सांगायचो, अजून ओला आहे. ज्याला मी रंग देईन तो पत्रा इतके दिवस ओला राहील हे गावात कुणालाही पटलं नसतं, पण त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

आणि शिवाय नियम होताच. पाखाडीच्या तोंडाशी पहिलं घर मोरूकाकांचं. त्यांनी नाही म्हटलं तर पाटी लागणारच नव्हती. खरं सांगतो, ते नाहीच म्हणतील आणि मी सुटेन, अशी मला आशा होती.

शेवटी एके सकाळी गेलो. काका ओटीवर पोफळं सोलत बसले होते. मी सगळं सांगून टाकलं. ग्रामसभेचं, वहिनींचं, आणि दिगू इतकी वर्षं कुणासाठी थांबला होता तेही. सांगताना मलाच हसू येत होतं. तो तुम्ही मरायची वाट बघत होता, असं एखाद्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? काकांचे हात थांबले नाहीत. सोलता सोलता म्हणाले, "तो माजा गडगा बघितलास?"

मी वळून बघितलं. पाखाडीच्या बाजूचे बरेच धोंडे खाली घरंगळले होते. काशीदच्या किनाऱ्याला निघालेल्या गाड्या वाट चुकून आत शिरतात आणि परत फिरताना गडग्याला घासतात, हे नेहमीचंच आहे.

"रोज पडतात," काका म्हणाले. "आन रोज तो उचलून ठेवायचा. फिरून येताना हितं थांबायचा, इकडंतिकडं बघायचा आन धोंडा जागच्या जागी बसवायचा. वाटायचं त्याला, मी बघत न्हाय. मी हितंच बसल्येला असायचो." त्यांनी सोललेलं पोफळ टोपलीत टाकलं. "मीपन काय बोललो न्हाय. बोललो असतो तर उचलायचा थांबला असता. आता धोंडे तसेच हायत. उचलायला कोन न्हाय."

दिगूबरोबर इतकी वर्षं हिंडलो, पण हे मला ठाऊक नव्हतं. त्याने कधी सांगितलं नाही. घाईत असलेला तो माणूस रोज या एका जागी थांबत होता.

"मग काका, पाटीचं?" मी विचारलं.

"लाव त्याचं नाव," ते म्हणाले. "त्याच्या बायकोला दिसू दे. पन वरच्या अंगाला लिव. खालती माजी जागा सोड." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो, तशी ते वैतागले. "बघतोस काय मास्तरा? भांडान दोघांचं एकच हुतं. पाखाडीपन एकच ऱ्हाऊ दे."

त्याच आठवड्यात पाटी लागली. वहिनी गिरणी बंद करून आल्या. मोरूकाका काठी टेकत मागच्या वाडीतून नव्हे, पाखाडीतून आले. आपल्या हाताने पाटीखालचा धोंडा ठेवला, मग माझा हात धरून थोडं पुढे, गिरणीपर्यंत चालले, उंबऱ्याशी उभे राहून आत त्या पोत्याकडे बघितलं आणि परत फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांचा गव्हाचा डबा गिरणीत आला. वहिनींनी तो स्वतः दळला.

आता पाटीवर वरच्या अर्ध्या भागात पांढऱ्या अक्षरांत 'दिगूभाऊ' आहे आणि खाली नुसता निळा रंग. परगावचे लोक विचारतात, रंगारी अर्धवट सोडून गेला का? मी काही सांगत नाही. सकाळी फिरून येताना माझेही पाय गडग्यापाशी थांबतात. एखादा धोंडा पडलेला असतो, तो उचलून मी जागच्या जागी बसवतो. मोरूकाका ओटीवर असतात. ते बघतायत हे मला माहीत असतं, त्यामुळे चोरून बघण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. ते मोठ्याने विचारतात, "मास्तरा, पांढरा रंग सुकला न्हाय ना डब्यात?"

"नाही काका," मी सांगतो, "रोज ढवळतो."

"ढवळत ऱ्हा," ते म्हणतात. "तो पुढं गेलाय. एका जागी बसायचा न्हाय."