बिंदुमाधवांनी जिंकलेला वाद

बसवनगुडीच्या बागेत सकाळचं फिरणं झालं की म्हातारे दोन बाकांवर बसत आणि देशोदेशीच्या राज्यकर्त्यांची हजेरी घेत. रशियाचा विषय निघाला की बिंदुमाधव इतरांना तोंड उघडू देत नसत. तरुणपणी कारखान्याने त्यांना यंत्रं शिकायला तिकडे धाडलं होतं, भाषाही ते फर्डी बोलत. ज्ञानापेक्षा मिजास जास्त होती, हे सांगायलाच हवं.

रशियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा बँकेतून निवृत्त झालेला गिरीराज म्हणाला, तिथली जनता नेत्यावर जीव ओवाळून टाकते. बिंदुमाधव म्हणाले, ते प्रेम नव्हे, भीती. गिरीराज हसला. “तुमचा रशिया जुना झाला, अण्णा. स्वल्प आमचंही ऐका.”

हे त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावरूनच विक्टरला फोन लावला आणि आवाज मोठा केला. विक्टर तिकडचा जुना सोबती. त्याच्या बायकोने, नीनाने, एकदा बिंदुमाधव तापाने फणफणले असताना त्यांना चमच्याने सूप भरवलं होतं. इथे चारजण ऐकताहेत, हे त्यांनी विक्टरला सांगितलं नाही.

विक्टर हवापाण्याचं बोलला, बटाट्यांचं बोलला. युद्धाचं विचारताच टीव्हीवरची वाक्यं घोकल्यासारखी म्हणू लागला. शहाण्याने तिथेच थांबावं. पण या बागेत समोरच्याच्या मनातलं ओठांवर आणल्याशिवाय वाद मिटत नाही. बिंदुमाधव डिवचत राहिले, भित्रा म्हणाले. अखेर विक्टर भडकला. “सगळं खोटं बोलतात. पोरं मरताहेत, आणि तो माणूस टाळ्या ऐकत बसलाय.”

बिंदुमाधवांनी मोठ्या तोऱ्यात त्याचा अर्थ सांगितला. गिरीराजने हार मानली. कुणीतरी ते बोलणं रेकॉर्ड केलं होतं, ते ग्रुपवर टाकलं, तिथून ते कुठल्या कुठे गेलं. आठवडाभर बिंदुमाधवांची कॉफी मित्रांकडून होती.

मग तिकडच्या पोलिसांनी विक्टरला धरून नेलं. टीव्हीवर त्याने मान खाली घालून सांगितलं की, भारतातल्या एका हेराने फूस लावली.

बिंदुमाधवांनी नीनाला फोन केला. माफी मागायची होती. ती रडली नाही.

“मी तुला भरवत होते, तेव्हाही तू हेरच होतास?”

ते म्हणाले, नीना, तू मला ओळखतेस, टीव्ही खोटं सांगतोय.

“माझ्या नवऱ्याला टीव्हीने नाही, तू पकडून दिलंस. आता कबूल कर, की तू हेर आहेस आणि तो भोळा. आमच्या नेत्यांपर्यंत हे पोचलं की ते त्याला सोडतील. ते दयाळू आहेत.”

तिला नाही म्हणायचं तोंड त्यांना उरलं नव्हतं. त्यांनी मोबाइलसमोर बसून, स्वच्छ रशियनमध्ये, आपण हेर असल्याचं सांगितलं आणि तो व्हिडिओ तिला पाठवला. तिने तो भक्तिभावाने सरकारकडे दिला.

तोवर खटल्यात पुरावा असा नव्हताच. आता मिळाला. देशद्रोहाचा आरोप लागला, आणि विक्टर मरेपर्यंत आत राहील एवढी शिक्षा झाली. बातम्यांत बिंदुमाधवांचा चेहरा पुन्हा पुन्हा दाखवला गेला.

त्या संध्याकाळी नीनाचा निरोप आला. तो शेवटचाच. “पाहिलंस? टीव्ही खरंच सांगत होता.”