वाळवीने सोडलेला अंगठा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. कचेरीत कारकून असताना खोडाळ्याकडच्या एका म्हातारीच्या जमिनीच्या दाव्याचा कागद मी घरी आणून विसरलो. ती विचारायला आली, तेव्हा चारचौघांत म्हणालो, "आजी, तुम्ही कागद दिलाच नाही." ती परत गेली. संध्याकाळी कागद पेटीत सापडला, तरी तो तसाच ठेवून मी पेटी पलंगाखाली सरकवली.

गेल्या महिन्यात जव्हारच्या घरी पहिल्यांदाच वाळवीवाल्याला बोलावलं. वाटलं, फवारेल आणि जाईल. पण त्यानं पंप दाराशीच ठेवला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकटी ठोकत, कान लावून ऐकत तो घरभर फिरला.

"सामान भिंतीपासून हातभर सरकवा. भोकं पाडून औषध सोडायचंय."

पलंगाखालची पेटी मात्र मी हलवेना.

तो हसला. "साहेब, जे कोणी हलवत नाय, तिथंच ती घर करते."

पेटी त्यानंच उघडली. आत सगळी माती झाली होती.

"रद्दी आहे, टाका," मी म्हणालो.

त्यानं हातमोजा काढला आणि हलकी फुंकर घालत कागदाचा एक तुकडा वेगळा केला. "कोणाचा तरी अंगठा हाय, साहेब. तेवढा सोडलाय तिनं."

औषध लागू नये म्हणून त्यानं आपल्या भाकरीची पिशवी रिकामी केली, तुकडा तीत ठेवून माझ्या हातात दिला. मग पंप उचलला.

ती पिशवी अजून माझ्याकडेच आहे. "आजी, कागद तुम्ही दिला होता," हे तिच्या गावात जाऊन, चारचौघांत म्हणायचं माझं राहिलं आहे.